गेलेला माघारी येतो ती कादंबरी

८ एप्रिल १९७४

ठरलं! यंदाच्या उन्हाळ्यात खून बंद.

गेल्या साली दुपारी अंगणात विड्या वळणाऱ्या बायकांना रहस्यकथा वाचून दाखवली. खुनी सापडेपर्यंत सगळ्यांच्या विड्या ढिल्या. कारखान्यात निम्म्या खराब म्हणून छाटात काढल्या. आमच्या बायकोनं, बजाबाईनं तर तंबाखूच भरला नव्हता – नुसतं पान वळून दोरा बांधलेला!

म्हणून यंदा देवाधर्माचं. मन थाऱ्यावर राहील, हात चालत राहतील. बजाबाई वर अट घालते – "कीर्तन नगं हं. कादंबरीच पायजे." म्हणजे साधू हवा, पण गोष्टीतला.

९ एप्रिल

नवी पेठेतल्या वाचनालयात गेलो. गुरुबसप्पा कपाटं सांभाळतो. म्हणाला, "मामा, आध्यात्मिक पाहिजे की वाचवेल असं?"

"दोन्ही एकात नाही?"

"आहे की. ते नेहमी कुणीतरी नेलेलं असतं."

मी चौथी नापास. मिलमधल्या नोटिसा लावून लावून वाचायला शिकलेला माणूस. मला त्यातलं काय कळणार? दोन जाडजूड उचलल्या नि आलो.

११ एप्रिल

पहिलीतला नायक विसाव्या पानावर हिमालयात चढला, तो शेवटपर्यंत खाली उतरला नाही. दोनशे पानं नुसता बर्फ! सोलापूरच्या उन्हात तेवढंच बरं वाटलं.

१३ एप्रिल

दुसरी. गुरू बोलतो, शिष्य रडतो. पुन्हा गुरू बोलतो. अक्कलकोटकडची निंगव्वा मांडीवर सूप घेऊन बसल्या बसल्या घोरली. विड्या मात्र काय घट्ट! कारखान्यात एक छाट नाही. अध्यात्माचा उपयोग आहे म्हणायचा.

१५ एप्रिल

आज वाचन झालंच नाही. पलीकडच्या खोलीतल्या कस्तुराबाईला पोस्टकार्ड आलं. नऊ वर्षांनी! नवरा धोंडप्पा – बैरागी होऊन गेलेला. पोरगी तेव्हा पाळण्यात होती. कार्ड मीच वाचून दाखवलं. 'माझे वैराग्य पुरे झाले. अक्षय्य तृतीयेला घरी यावे म्हणतो. कळवणे.'

बास. एवढंच. पोरीचं नाव नाही. वैराग्य पुरं झालं म्हणे – जसं काही वरण शिजलं!

कस्तुराबाईनं दोनदा वाचायला लावलं. मग पान कातरत म्हणाली, "मामा, गेलेला माघारी येतो असलं पुस्तक आना की. घरातली काय करती ते बघायचं हाय मला."

"अगं, पुस्तकाला विचारून संसार करायचा का?"

"मंग कुणाला इचारू? तुमाला?"

उद्या वाचनालय गाठायचं.

१६ एप्रिल

गुरुबसप्पा शिडीवर, मी खाली. धूळ दोघांच्या नाकात. "मामा, साधू घर सोडतात आणि लेखक साधूला तिथंच सोडतात. माघारी आणतो कोण?" तरी एक मिळाली. एकशे ऐंशीव्या पानावर येतो! देव पावल्यासारखी घेऊन आलो. अखितीला आठ दिवस राहिलेत.

१८ एप्रिल

झालं की हो वाटोळं.

एकशे ऐंशीव्या पानावर तो येतो. बायको ओळखते, पाय धुते, पायावर डोकं ठेवते – आणि तिथंच प्राण सोडते!

निंगव्वा ओरडली, "मेली? अय्यो, मग त्याला जेवाय कुणी वाढलं?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

कस्तुराबाई हसली नाही. "मधल्या वरसात ती काय करीत हुती, मामा?"

पानं उलटली. तो घर सोडतो तिथपासून एकशे ऐंशीपर्यंत डोंगर, नद्या, समाधी. बायकोची एक ओळ नाही. कस्तुराबाईचं तोंड बघवेना, म्हणून रेटून दिलं – "ती सुखात होती. नवऱ्याचं पुण्य तिलाही लागलं..."

"मामा, तुमी पुस्तकाकडं न बघता वाचताय."

पकडला! एक अक्षर येत नाही बाईला, पण पकडला.

मग ती बजाबाईकडं वळली. "मामी, मामा बी गेलं हुतं की. आलं तवा तुमी काय केलंत?"

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. एका बुवाच्या मागं गेलो, अकरा महिन्यांनी भुकेनं परत आलो. चाळीत अजून 'महिपती महाराज' म्हणून चिडवतात. मलाच हसू येतं. वाटलं, आता बजाबाई ते नकलांसकट सांगणार.

ती विडीचं तोंड दुमडत म्हणाली, "काय करणार? वाढलं. हे जेवून झोपले. पर तवापास्नं पहाटं जाग आली की आदी ह्यांचं अंथरूण चाचपती. हायती का गेले."

"अजून?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आज बी चाचपलं."

सव्वीस वर्षं. मला वाटायचं, हात चुकून लागतो.

१९ एप्रिल

कादंबरी परत केली. गुरुबसप्पानं विचारलं, "कशी होती?" अपुरी आहे म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं पानं मोजून बघितली.

२० एप्रिल

कस्तुराबाई कोरं कार्ड घेऊन आली. सांगितलं तसं लिहिलं, पेटीत टाकून आलो. 'येऊ नका. मला आता कुठं झोप लागतेय.'