वहिनींचं आसव आणि माझे ठोके

३ फेब्रुवारी, सांगली
दुपारी पुन्हा छातीत तेच. पिशवीत कोंबलेली कोंबडी फडफडावी तसं. शेवटी डॉक्टरांकडे गेले. पोरगा कराडचा, मला 'आजी' म्हणतो. बँकेतून निवृत्त होईपर्यंत 'मॅडम'शिवाय कुणाची हाक ऐकली नाही! कार्डिओग्राम काढला. ठोके अनियमित. वर विचारतो, "दारू घेता का?" मला! "नाही" म्हटलं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, विचारलं तेवढंच उत्तर द्यावं.

घरी सांगितलं तर हे हसले. फौजेतून आल्यापासून रोज संध्याकाळी कॅन्टीनची रम, आणि नाडी घड्याळासारखी. "जन्मभर पितोय मी, अन् ठोका तुझा चुकतोय!"

५ फेब्रु.
शेजारच्या सुमनवहिनी आल्या. तासगावला त्यांची बाग. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं बरणीत घालून आसव मुरवतात. थंडीभर मी तेच घेतेय, दोन्ही जेवणांनंतर. "आवं बाई, अशक्तपणा हाय तुमास्नी. चमच्यानं काय हुतंय? वाटीनं घ्या." वाटीनंच तर घेते.

८ फेब्रु.
डॉक्टरांनी विचारलं, औषधं कोणती? रक्तदाबाची गोळी. आणि आसव. त्यांचं पेन थांबलं. "घरचं? किती?"
वाटी.
"आजी, मुरताना त्यात दारूच तयार होते. तिनं ठोका बिघडू शकतो."
"औषध आहे ते!"
"मी कुठं नाही म्हणतोय?"
मग आसवानंच होतंय का? तेही नक्की नाही म्हणे, वयानंही होतं. काही दिवस बंद करून बघायचं. थांबलं तर ठीक. नाही तर रक्त पातळ करायच्या गोळ्या, बहुतेक कायमच्या. ठोका असा चुकत राहिला तर रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू.
म्हणजे मी बेवडी ठरले तर बरी, आणि सोवळी ठरले तर आजारी. हा कुठला न्याय?
ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू? रोज हे ग्लास भरतात तेव्हा मी जे जे बोलते...

१२ फेब्रु.
सांगितलं. वाटलं, आता वर्षभर चिडवतील. "माझ्याहून जास्तच घेत होतीस की गं," एवढंच. हे बरं नाही. चिडवलेलं परवडलं.

२१ फेब्रु.
आसव बंद. छाती शांत. भूक मेली, चिडचिड दुप्पट. वहिनी नवी बाटली घेऊन आल्या, "लय झ्याक मुरलंय." गळ्यात तुळशीची माळ त्यांच्या. ही दारू आहे म्हणून ह्या बाईला कसं सांगायचं? ठेवून घेतली. फडताळात, मागे.

२ मार्च
कपडे वाळत घालताना फडफड. क्षणभर. की हात वर ताणले म्हणून? आसवाचा थेंब नाही पोटात. मग? डॉक्टरांना फोन केला, उद्या कार्डिओग्राम.
संध्याकाळी ह्यांनी ग्लास काढलाच नाही. माझं मनगट धरून नाडी बघत बसले.
"कसं आहे?"
"ठीक आहे गं."
ठीक आहे, तर सोडत का नाहीत?