शेवटच्या पानावर तू बोललीस

माय, परवा आदिलाबादच्या सभागृहात सगळे लोक तुझ्या बोलण्यावर हसले, आणि मला इतका आनंद झाला की पदर तोंडाला लावून बसावं लागलं. आमचं पुस्तक निघालं, चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीचं. चित्रं माझी, लिहिणं एका तेलुगू शिक्षिकेचं, आणि शेवटच्या पानावरचं एकच वाक्य तुझं. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुठे लेखिका झालीस.

पण आधी चुलीपासून सांगते, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं. मी एवढीशी आहे, कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुला काढलंय, भाकर थापताना, तोंड उघडं आणि नाक चांगलं लांबलचक. तू जिनिंगच्या कारखान्यातून येतेस, केसांत रुई अडकलेली, आणि भिंतीसमोर उभी राहतेस. "नाक माह्यं एवढं हाय का वं?" तू विचारतेस. मग आणखी जरा बघून म्हणतेस, "अन् तोंड उघडं ठेवलं, तं बोलून काय राह्यली मी? नुस्ती आ करून बसली का?" पाठीत धपाटा बसलाच, पण तो भिंत काळी केल्याबद्दल. पुढे चुना मारेपर्यंत ते चित्र तू कोणाला पुसू दिलं नाहीस.

तोंड उघडून तू काय बोलतेस, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वर्षं टाळलं. पेपरसाठी चित्रं काढली, मग संपादकांची कटकट नको म्हणून पेपर सोडून स्वतःचंच काम सुरू केलं. माझी चित्रं मुकी असतात यात मला मोठेपणा वाटायचा. ज्याला शब्द लागतात ते व्यंगचित्रच नव्हे, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायची. लेखकांबरोबर काम करायला तर साफ नकार. पण ही तेलुगू बाई माझ्याहून हट्टी निघाली. मी तिला अक्का म्हणते. ती जैनथ गावच्या शाळेत शिकवते; मराठी सगळी कळते, भांडते मात्र हिंदीत. कचेरीच्या बाकावर बसलेल्या बाईची माझी चित्रं तिने पाहिली आणि मागेच लागली, की याचं पुस्तक करू, लिहायचं माझ्याकडे दे.

ती बाकावरची बाई म्हणजे तूच. माझ्या शाळेसाठी दाखला हवा होता आणि त्यासाठी तू मजुरीचा एक दिवस मोडला होतास. साहेब चहा पितो, पेपर वाचतो, शेजारच्याशी तेलुगूत हसतो, शिपायावर उर्दूत खेकसतो, आपल्याकडे बघतसुद्धा नाही. बाकावरचं ऊन उतरून गेलं तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "क्या काम है अम्मा?" तू उठलीस, लुगडं झटकलंस. "काई नाई सायेब. तुमी काम कसं करता थे पाह्याले बसली होती. पाह्यलं. चाल वं पोरी." साहेबाची मान तशीच वर राहिली. काम अर्थातच झालं नव्हतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलोच. पण त्या दिवशी त्याने आधी तुला खुर्ची दिली.

पुस्तकासाठी अक्का आणि मी माझ्या स्वयंपाकघरात बसून मनसोक्त भांडलो. ती लिहायची, मी खोडायची, मी खोडलेलं ती पुन्हा लिहायची, आणि चहा गार होऊन जायचा. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. तिने लिहिलेलं शिपायाचं बोलणं वाचून मी त्याला नवं पोट काढलं. माझ्या साहेबाच्या मिशा पाहून तिने त्याचं बोलणं निम्म्यावर आणलं. एकटीने काढताना असं कधी झालं नव्हतं. अडलो ते शेवटच्या पानावर. तिथे मी उभी राहिलेली बाई काढली होती, तोंड उघडं, आणि तिच्या बोलण्याचा फुगा रिकामा. "पूरी किताब में चुप बैठी है. अब तो बोलने दो उसको," अक्का म्हणाली. खरंच काय बोलली ती, असं तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं. टेबलावर डोकं टेकून ती हसली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी नाही म्हटलं. तेव्हा मुकेपणाचा मोठेपणा नव्हता, माय, भीती होती. तुझं ते वाक्य मी घरातल्या घरात जपलं होतं. परक्यांपुढे ते वाया गेलं, कोणी हसलंच नाही, तर तू मला पुन्हा एकदा गेल्यासारखी वाटली असतीस. अक्का म्हणाली, "वो डरी थी क्या साहब से? फिर तुम काहे को डर रहे?" मग लिहिलं. तुझ्याच बोलीत, आणि खाली बारीक अक्षरांत तेलुगू.

परवा एकेक पान पडद्यावर दाखवलं. शेवटचं आलं तेव्हा मी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत होते. मग मागच्या रांगेत एक बाई फिसकन हसली आणि तिच्यामागून सगळं सभागृह. तेलुगू लोक तर खालची ओळ वाचायच्या आधीच हसत होते. पांढऱ्या केसांचा एक माणूस उठून म्हणाला, आपली सगळी नोकरी कचेरीत गेली. "अम्मा दूसरे दिन फिर आयी होगी. तब कुर्सी तो दिये ना?" मी म्हटलं, दिली. "फिर ठीक है," म्हणून तो बसला, आणि जाताना पुस्तक घेऊन गेला. जिंकलो आपण, माय. तिघी जिंकलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, आमच्या पुस्तकातच घालून ठेवीन. एक तेवढं सांगायचं राहिलं. शेवटच्या पानावर तुझं वाक्य मावत नव्हतं, तेव्हा अक्का म्हणाली होती की बाईचं नाक जरा आवर. मी साहेबाचा पंखा काढून टाकला, खिडकी अर्धी केली. नाक मात्र भिंतीवर होतं तेवढंच ठेवलंय.