पोटावरची काळी पट्टी

रविवार, १४ जुलै, दुपार

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी मार्चपासून लिहितोय. पहिलं पाकीट आणलं, त्यात खिळे ठेवले. दुसऱ्यावर चहा सांडला. खरं म्हणजे टाळत होतो.

मी बरा आहे. हल्ली बंदरात बोटींचा जुना रंग खरवडतो. त्याआधी बेकरीत होतो, त्याआधीचं विचारू नकोस. खोली जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या वर आहे, खिडकी उघडली की डांबराचा वास. मामीचे गुडघे कसे आहेत? आई म्हणत होती, जिना चढवत नाही. असो, भरकटलो.

पंधरा दिवसांपूर्वी वादळ ओसरल्यावर धक्क्यावर काम करताना तो दिसला. आपला पेट्रेल, तो भर समुद्रातला पक्षी. बुलबुलाएवढा, पाय लोंबकळत, पाण्यावर टपटप उड्या मारत. कुशीवर वळला तेव्हा पांढऱ्या पोटावर मधोमध काळी पट्टी. मी मुकादमाला म्हटलं, "बघा, पट्टी बघा." तो म्हणाला, "पक्षी आहे. तू बोट बघ."

शेजारी साक्षीला कोणी नसणं काय असतं, ते तेव्हा कळलं.

मामा, सहा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या त्या खडकावरून आपण दोघांनी असाच पेट्रेल पाहिला, तेव्हा माझं लक्ष होतं. तुझा नियम, आधी आपापल्या वहीत पक्ष्याचं चित्र काढायचं, मगच बोलायचं. मी काढला होता, पट्टीसकट. पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे सर घरी आले, अशा दुर्मीळ पक्ष्याला दुसरा साक्षीदार लागतो म्हणाले, आणि मला विचारलं, "पट्टी तूही पाहिलीस?" मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

त्याच सकाळी तू चारचौघांत म्हणाला होतास, "याच्या हातून एक काम तडीस गेलं तर मिशी उतरवीन." त्याचा राग. बस, एवढंच. आणि माझं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं, माझा लौकिकच तसा. नोंद बाद झाली. म्हाताऱ्याला आता हवं ते दिसतं, म्हणून लोक हसले. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. दुर्बिणीला उशीचा अभ्रा चढवलास तो चढवलासच.

वहीतलं ते पान मी फाडून जवळ ठेवलं होतं. नऊ खोल्या बदलल्या, छत्र्या-चपला हरवल्या, ते नाही हरवलं. पेट्रेल दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं लिहून पान सरांना पाठवलं. आधी तुला लिहायला हवं होतं. पण परक्यापुढे कबूल करणं सोपं जातं. नोंद लागली तरी तू किनाऱ्यावर न गेलेली सहा वर्षं काही कोणी

मधेच उठावं लागलं. दार वाजलं. सर आलेत, स्वतः. ऐंशीच्या घरातला माणूस, जिन्याने धाप लागलीय, माझ्या पलंगावर बसून पाणी पितायत. म्हणतात, "नोंद मी दुरुस्त करतो. पण तुझ्या मामाची समोरासमोर माफी मागायचीय, आणि एकट्याने जायची हिंमत होत नाही. पाचची बस आहे. चल."

म्हणजे हे पत्र टपालात पडत नाही, हातातच घेऊन येतोय. दार उघडलंस तर आम्हाला काही बोलण्याआधी एवढं वाच. नाही उघडलंस तर फटीतून आत सरकवीन.

पट्टी पाहिलेला,
तुझा भाचा