मुख्तारभाईच्या पार्लरचा चॅम्पियन

२८ सप्टेंबर, रविवार
ऑनलाइन मागवलेला जुना व्हिडिओ गेम आला. जपानी, मारामारीचा, कॅसेटवाला. कॅसेटमध्ये फुंकर मारली अन् सुरू झाला. डोळ्यात पाणीच आलं. अठ्ठ्याण्णवची अख्खी सुट्टी मी दिग्रसच्या मुख्तारभाईच्या गेम पार्लरमध्ये काढली. नियम एकच, हरला तो उठला. मी दोन महिने उठलोच नाही.

सुरभीले शिकवलं. माझी पोरगी, नऊ वर्षांची, पण तिसऱ्या डावात माझ्या माणसाले लोळवून लोळवून मारलं. रिमोट हातून निसटला अन् भिंतीवरच्या घड्याळाले लागला. घामानं.

२९ सप्टेंबर, सकाळी ७
सुरभी हरली, १०-०. पोरीत दम नाही, काल नशिबानं जिंकली. बायको म्हणते नवीन घड्याळ आणा अन् दुकानाकडं लक्ष द्या. चॅम्पियन काय असते, तिले काय माहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
गांधी जयंतीही आहे, म्हणून आजपासून राग बंद. शस्त्रपूजेत विळा, पाना अन् रिमोट ठेवला. हळदकुंकू भरपूर वाहिलं. नंतर पाहतो तं कुंकू बटणात गेलेलं, लाथेचं बटण अडकून राह्यलं. बायको हसली. आरतीचं ताट खाली पडलं. म्हणजे मीच पाडलं, पण हळूच.

संध्याकाळी नौशादच्या गॅरेजवर सोनं द्यायले गेलतो. पार्लरमध्ये सगळ्यात जास्त मार यानंच खाल्ला माझ्या हातून. बारा तारखेले मॅच ठेवली. तो म्हणे, जाऊ दे ना भाऊ, कायले या वयात. भेला, दुसरं काय.

५ ऑक्टोबर, सकाळी ६
प्रॅक्टिस. लढणाऱ्याचं अंगही तयार पाहिजे, म्हणून सरकीचं पोतं टांगलं. लहानपणी पाहिलेल्या जपानी कार्टूनमधले हिरो मारण्याआधी अर्धा एपिसोड ओरडत. मीही ओरडलो. शेजारचे भगवानराव काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. तोवर मी बुक्की हाणली होती. मनगट सुजलं. पोतंही उसवलं, म्हणजे निकाल माझ्याच बाजूनं.

९ ऑक्टोबर
सुरभी हरली, ४०-०. राग आठवडाभर पूर्ण बंद. फक्त एक खुर्ची.

१२ ऑक्टोबर, दुपारी ३
नौशादच्या गॅरेजवर मॅच झाली. पहिला राऊंड वीस सेकंदात गेला, दुसरा पंधरा. नौशादनं मले उभंच राहू दिलं नाही. कुंकवानं घात केला. मग रिमोट माझ्या हातून सुटला तो थेट त्याच्या भुवईवर. घाम नव्हता, खरं लिहितो. मी मारला. रक्त आलं. मले वाटलं, आता हा पाना उचलते. पण तो ऑइलच्या फडक्यानं भुवई दाबून हसत बसला. म्हणे, सत्तावीस वर्षांनी तीच भुवई बरोबर सापडली तुले.

मग त्यानं सांगितलं. पार्लरात अजून एक नियम होता, फक्त मले माहीत नव्हता. अमर, म्हणजे मी, बसला की सगळ्यांनी हरायचं. मुख्तारभाईनंच बजावलं होतं. मी हरलो की रिमोट फेकून मारायचो, अन् नवे रिमोट नागपूरहून आणावे लागत. पोरं पाळी लावून हरत होती.

मी म्हटलं, खोटं बोलून राह्यला. तो म्हणे, असंल भाऊ.

संध्याकाळी ६
खात्री करायले सुरभीले बसवलं. खरंखरं खेळ म्हटलं, मी रागावणार नाही. ती हो म्हणाली. आधी माझ्याजवळचा पाण्याचा ग्लास उचलून आत ठेवून आली. मग स्टुलावर चढून नवीन घड्याळ काढलं अन् पलंगाखाली सरकवलं. मग बसली.

५-० जिंकलो. पाचही डाव ती स्क्रीनकडं पाहत नव्हती. माझ्या हाताकडं पाहून राह्यली होती.