वाटाणा कमी भरला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची उचकी थांबली का? आणि त्यांची ती दुर्बीण अजून गॅलरीत खिळ्याला लटकलेली असते का? (मी गल्लीच्या टोकाला दिसलो की ते दुर्बीण ठेवून न्हाणीघरात जातात, हे मला कधीचंच ठाऊक आहे. राग नाही. माणसाला कधीतरी आंघोळ करावीच लागते.) इकडे सगळे खुशाल आहोत. माझे पाय सुजलेत आणि मध्यंतरी मला एक ग्रह पचवावा लागला, पण ते ओघाने येईलच. नमनालाच घडाभर तेल नको.

तर मी लेकीकडे राहायला आलो त्याला अजून वर्षही झालेलं नाही. आपली टिकली, म्हणजे माझी नात, आता तिसरीत आहे. शाळेच्या बक्षीस समारंभात ती हस्ताक्षराचं बक्षीस घ्यायला स्टेजवर गेली, तेव्हा मी उभा राहून हॉलमधल्या लोकांना एवढंच सांगितलं की ही पोर दोन वर्षांची होईपर्यंत चालत नव्हती, नुसती बुडावर सरकायची, आणि आज बघा. (जन्मभर विमा विकला, ताई. चार माणसं एकत्र दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं.) हॉल पोट धरून हसला. टिकली हसली नाही. त्या दिवसापासून वर्गातली पोरं तिला 'सरकती' म्हणतात, आणि शाळेतून घरी येताना ती माझ्यापुढे पंधरा-वीस पावलं चालते. पूर्वी बोट धरून चालायची. मला फार लागलं ते. कुणाला बोललो नाही, आणि मी एखादी गोष्ट बोललो नाही म्हणजे किती लागलं असेल ते तू समज.

अशात शाळेची सहल विज्ञान केंद्रात जायची ठरली. सोबत घरची काही मोठी माणसं हवी होती, आणि लेक-जावयाला रजा मिळेना. टिकलीने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावून घेतलं आणि अट घातली. बसमध्ये तिच्या शेजारी बसायचं नाही, आणि ती सांगेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मी कबूल झालो. पोरीने पुन्हा माझं बोट धरावं म्हणून मी मुका व्हायलाही तयार होतो.

आधी आम्हाला एका गोल घुमटाखाली आडवं करून छतावर तारे दाखवले. तारे लुकलुकतात आणि ग्रह का नाही, असं तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीने विचारलं. मला उत्तर येत होतं. हवेमुळे! ओठापर्यंत आलेलं उत्तर मी परत खाली ढकललं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते की चंद्र दिवसभर उन्हात तापतो म्हणून रात्री चमकतो. अरे देवा! मी रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. टिकली अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघत होती. रुमाल दिसल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं असं मला वाटलं. (अंधार होता, नक्की सांगता येत नाही.)

मग मैदानात सूर्यमाला मांडायची ठरली, अगदी मापाबरहुकूम. सूर्य म्हणजे फुटबॉल. पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, तो एका मुलीला देऊन तिला फुलांच्या वाफ्याशी उभं केलं. गुरू म्हणजे एवढंसं लिंबू. आणि सगळ्यात शेवटचा नेपच्यून म्हणजे वाटाणा. आता या मापाने नेपच्यून मैदानात मावत नाही. तो मागच्या फाटकातून बाहेर पडून पार कालव्याच्या रस्त्यावर जातो. तिथे लहान मूल पाठवता येईना, म्हणून मोठं माणूस हवं होतं. बाकीचे सगळे नाही म्हणाले. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, ताई. वाटाणा माझ्या हातात आला.

केंद्राचा रखवालदार मला तिथवर घेऊन गेला, एका टायर दुकानासमोर खडूने फुली मारली, आणि झेंडा हलला की परत या, तोवर ग्रहाने जागा सोडायची नसते, असं बजावून निघून गेला. तिथून झेंडा दिसत नाही. फुटबॉल दिसत नाही. विज्ञान केंद्रसुद्धा कसंबसं दिसतं. सगळ्यांचे फोन सकाळीच वर्गबाईंच्या पिशवीत जमा झाले होते, माझाही. नेपच्यूनला सूर्याभोवती एक फेरी मारायला एकशे पासष्ट वर्षं लागतात असं त्या माहिती सांगणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, तेव्हा मी फार घाई केली नाही. टायरवाला येऊन मी कोण, कुणाची वाट बघतोय, हे विचारू लागला. मी त्याला वाटाणा दाखवला. त्याने वाटाणा बघितला, मला बघितलं, आणि एक जुना टायर आणून बसायला दिला. डबा बसमध्ये राहिला होता. भूक भयंकर लागली. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी वाटाणा गिळला.

पुढचं मला मागाहून कळलं. वर्गबाईंची मोजण्याची पद्धत अशी, की पोरांनी जोडीदाराचा हात धरायचा आणि बाई जोड्या मोजतात. जोड्या बरोबर भरल्या. माझा जोडीदार कोणीच नव्हता. बस निघाली. बरंच अंतर गेल्यावर केंद्रातून बाईंना फोन आला की ग्रहांचा डबा भरताना वाटाणा कमी भरलाय. (माणूस कमी भरलाय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.) बाई म्हणाल्या की एका वाटाण्यासाठी मी बस वळवणार नाही, उद्या किलोभर पाठवून देते. तेव्हा आपली टिकली उठली. सकाळी मी बसलो होतो त्या मागच्या बाकावर नजर टाकली, बाक रिकामा. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मग ती मोठ्याने म्हणाली, "वाटाणा माझ्या आजोबांकडे आहे. आणि मी सांगितल्याशिवाय ते कुणाला हाकसुद्धा मारणार नाहीत."

बस वळली, पण कालव्याच्या त्या अरुंद रस्त्यावर शिरेना. टिकली उतरली आणि पळत सुटली, मागून बाई धापा टाकत. दोन वर्षं नुसती सरकणारी पोर, ताई, बाईंना गाठू देईना! आली, माझं बोट घट्ट धरलं आणि म्हणाली, "आजोबा, आता बोला."

आणि मला एक शब्द सुचेना. (वाटाणा केव्हाच घशाखाली उतरला होता, तेव्हा त्याला दोष देता येत नाही.) असो. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. – बसमध्ये बसल्यावर मात्र शब्द सुचले. शाळा येईपर्यंत सुचत राहिले. तारे का लुकलुकतात तेही सांगून टाकलं. बाईंनी टिकलीला विनवलं की बाळ, यांना पुन्हा गप्प कर ना. टिकली म्हणाली, बोलू द्या, खूप साठलंय त्यांचं. ती माझ्या शेजारी बसली होती.

ता. क. – वाटाणा गटारात गडगडत गेला असं मी केंद्राला कळवलं आहे. तू वेगळं काही ऐकलेलं नाहीस.

ता. क. – पुढच्या महिन्यात पोरं पाणी शुद्ध करण्याचा कारखाना बघायला जाणार आहेत, आणि टिकलीने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलंय. नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही असं तिला विज्ञान केंद्रात शिकवलं, म्हणून माझ्यावर लक्ष ठेवायला तिला दुर्बीण हवी आहे. भावोजींची पाठवून दे. ते तिचा काय उपयोग करतात ते मला माहीत आहे, मी दिसलो की ते उठून आत जातात. हिला मी दिसेनासा झालो की शोधायला यायचं आहे.