पालखी मागे फिरवली तेव्हा

मंडणगड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. हरीस, दमाताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, तूही बरा असशील असं धरून चालते. नऊ वर्षांत पत्र नाही की फोन नाही, विचारणार कोणाला? यंदा मोहोर चांगला आलाय. गुडघे कुरकुरतात. घरात बोलायला कोणी नाही म्हणून मी रेडिओला उत्तरं देते, आणि शेजारची समीक्षा ते ऐकून हसते.

तिनेच पेपर आणून दाखवला. तुझा फोटो, पाच सिनेमे, लंडनचं बक्षीस, आणि खाली ‘ब्रिटिश दिग्दर्शक’. गणितात दोनदा नापास झालेला आमचा हरी ब्रिटिश कधी झाला? बाबांनी बोटीवरून आणलेल्या कॅमेऱ्यावर तू शिकलास, ते कुठेच नव्हतं. मला राग आला.

मग तिच्या मोबाइलवर तू आपल्या गावावर काढलेला सिनेमा पाहिला. आजवर पाहायचा टाळला होता.

तू तो सिनेमा काढायला आलास त्या शिमग्यात पालखी आपल्या अंगणात आली, मी देवीची ओटी भरली आणि पालखी उठली. तू माझ्या कानाशी म्हणालास, “ताई, तू कॅमेऱ्याकडे बघितलंस.” मग मोठ्याने, “परत एकदा घेऊया.” बाबा म्हणाले, “उठलेली पालखी मागं फिरवायची नाय, हरी. आपल्या वाडीत असं कधी झालं नाय.” तू हात जोडलेस. पालखीला पुढे खांदा दिलेल्या केरूकाकांनी नाइलाजाने ती मागे वळवली.

त्याच श्रावणात बाबा गेले, आणि मी तुला फोनवर म्हटलं, “पालखी फिरवायच्या तुझ्या हट्टापायी गेले.” त्यांचं छातीचं दुखणं जुनं होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही म्हटलं.

आणखी एक आहे. कॅमेऱ्याकडे मी चुकून बघितलं नव्हतं. तू चार दिवस घरात होतास. माझे हात, चूल, दार, सगळं टिपलंस, पण माझ्याशी धड एक वाक्य बोलला नाहीस. डोळा सदा त्या काचेला. म्हटलं, तिथूनच बघतोस तर तिथेच बघावं. बाबांनी नंतर विचारलं, “पहिल्या वेळी काय बिघडलं?” मी म्हटलं, “हरीलाच ठाऊक.” तुझ्यावर ढकलून मोकळी झाले.

काल बघते तर सिनेमात दुसऱ्या वेळची पालखी नाहीच. पहिलीच आहे. ओटी भरता भरता मी मान वर करते आणि सरळ तुझ्याकडे बघते. किती वेळ ठेवलंयस ते. समीक्षा म्हणाली, “काकी, रडताव कशाला?”

होळीनंतर पाचव्या दिवशी पालखी आपल्याकडे आहे. घरचा माणूस म्हणून खांदा द्यायला दर वर्षी केरूकाकांना विनवते. यंदा त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कॅमेरा आणलास तरी चालेल. पण आधी तो खाली ठेवून एकदा माझ्याकडे बघ.

बाबांशी खोटं बोललेली,
तुझी दमाताई