मुरलेलं पाणी

सातारा,
२ डिसेंबर १९४५

प्रिय अकिला,

दिवाळीला तू सांगलीहून पत्र्याच्या डब्यातून जे सहा एंजल मासे आणलेस, त्यांच्याविरुद्ध ही माझी तक्रार समज. एकतीस वर्षं मी चारशे मुलींची शाळा चालवली, तिथे माझ्या आवाजाने घंटेआधी वर्ग शांत होत. निवृत्तीनंतर या रुपयाएवढ्या चपट्या प्राण्यांना नुसतं जगवायचंय, तर तेही जमू देत नाहीत. अल्लाबक्षकडून लोखंडी चौकटीची काचेची पेटी करून घेतली. वाळू सोड्याने सात पाण्यांनी धुतली. तुझा तो शेवाळलेला दगडही घासून पांढरा केला. तरी हे कल्ले फडफडवत वर येतात, तोंड वासतात आणि पंख मिटून कोपऱ्यात बसतात.

तुझी चिठ्ठी वाचली होती. ‘नवी पेटी आहे, सगळं पाणी बदलू नकोस. थोडंच काढ, बाकीचं मुरू दे.’ मला हसू आलं. पाणी म्हणजे काय कैरीचं लोणचं? रात्रीचं पाणी सकाळी शिळं म्हणून आपण झाडांना घालतो, आणि ते या पाहुण्यांना द्यायचं? घरकामाच्या साळूबाईलाही ते पटेना. “आवं बाई, शिळं पानी पावण्याला देत्यात व्हय?” म्हणत ती रोज सकाळी पेटी उपसायची, काच राखेने घासायची आणि काठोकाठ ताजं पाणी भरायची. मी शेजारी उभी राहून एखादा डाग राहिला तर दाखवायची. पहिला मासा तिसऱ्या दिवशी गेला. गुरांच्या डॉक्टरांनी लाल दवा दिली, तिच्यात दुसरा गेला. ‘सहाही मजेत आहेत’ असं कार्ड मी तुला टाकलं, तेव्हा पेटीत चार होते. खोटं लिहिलं. आता दोन आहेत.

गेल्या आठवड्यात साळूबाई भाचीच्या लग्नाला विट्याला गेली आणि मी तापाने पडून होते. पाच दिवस पेटीला कुणाचा हात लागला नाही. पाणी किंचित पिवळसर झालं, काचेवर बुळबुळीत थर धरला. मला शिसारी आली. आणि त्या घाणीत हे दोघे पंख पसरून फिरत होते, दिल्याबरोबर खात होते! काल साळूबाई परतली आणि मी उठायच्या आत तिने सगळं लख्ख करून ठेवलं. तिच्यावर ओरडणार कोणत्या तोंडाने? माझंच शिक्षण ते. आज दोघे पुन्हा धापा टाकताहेत.

दिवाळीत तू एक दिवस आधीच निघालीस. डोकं दुखतंय म्हणालीस. तू स्वयंपाकघरातून उठलीस आणि तू बसलेल्या जागेवरून मी ओलं फडकं फिरवलं, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मला रागच आला. एका बाकावर बसून शिकलो आपण, आणि चाळीस वर्षांनी तुझ्या मनात हे यावं! मी मामलेदारांच्या मागेही पुसते, सख्ख्या भावाच्याही. आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी छडीने लावलेली सवय आहे, तुलाही लागायला हवी होती. पण हे मी त्याच क्षणी तोंडाने बोलले नाही. माझ्यासारख्या ब्राह्मणीच्या घरात तुझ्यामागे फडकं फिरलं तर ते काय सांगतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. महिनाभर मी फुरंगटून बसले, आणि कार्डात लिहिलं ते नुसतं माशांबद्दल. चुकले मी, अकिला. तुझ्या पेटीतली गाळासकट वाळू आणि न घासलेला एक दगड मला हवा आहे. पार्सलने पाठवू नकोस. घेऊन ये, सकाळच्या पहिल्या मोटारीने. मासे तोवर टिकतील की नाही, सांगता येत नाही. तरीही ये. गाळ सांडला घरभर, तर सांडू दे.

तुझीच हट्टी,
मनू